बुर्जीचा डाव

बुद्धिबळ आपल्याच मातीत जन्मलं, इराणमार्गे युरोपात गेलं, तिथं त्याची प्यादी पहिल्याच चालीला दोन घरं धावायला शिकली आणि मग ते नवे नियम घेऊन आपल्याकडं परत आलं, एवढी विद्वत्ता मी मोबाइलवरून मिळवली होती. जळकोटला माझ्या वडिलांकडं, अण्णांकडं, मात्र जुनंच राज्य चालू होतं. त्यांचं प्यादं एकेकच घर सरकायचं आणि त्यांचा राजा, शह बसला नसेल तर, डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायचा. राजाला ही सवलत कोणत्या दरबारात मंजूर झाली कोण जाणे.

आई गेल्यापासून अण्णा एकटेच राहत होते आणि मला त्यांना सोलापूरच्या फ्लॅटवर न्यायचं होतं. काळजीपोटी, अर्थातच. महिनाभर समजावूनही ते हलेनात. शेवटी तोडगा त्यांनीच काढला: एक डाव, त्यांच्या नियमांनी. मी जिंकलो तर ते निमूट गाडीत बसणार, नाहीतर मी हा विषय बंद करायचा. मोबाइलवर परदेशी लोकांना हरवणाऱ्या माणसाला याहून सोपी अट कुठली मिळणार? खोली झाडून ठेव म्हणून मी बायकोला फोनही केला.

डाव मांडताना अण्णांनी सगळे नियम नीट सांगितले. मी फोन बघत मान डोलावली.

दीड तासात वजीर, हत्ती, उंट, घोडे, सगळं साफ. त्यांच्याकडं राजा आणि एक प्यादं उरलं. दोन चालींत सरळ मात होत होती, पण ते प्यादं उगाच डोळ्यांत खुपत होतं. म्हटलं, तेही कशाला ठेवायचं? मारलं.

अण्णा पट आवरायला लागले.

"बुर्जी झाली. राजा एकटा पडला की डाव बरोबरीत. समोरच्याचं एक तरी प्यादं ठिवून मात करावी लागती. सांगितलं हुतं तुला."

मी बरंच सुनावलं. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याची काळजी घ्यायची, असं जगात कुठं असतं का, म्हणालो. ते शांतपणे मोहरे डब्यात भरत राहिले.

"पडाल म्हणून मोटारसायकल नेलीस. झेपत न्हाय म्हणून म्हशी इकल्यास. म्या काय बोललो का? आता हे घर तेवढं ऱ्हायलंय."

मला लाज वाटली. महिनाभर मी त्यांना फ्लॅटची लिफ्ट, जवळचा दवाखाना, सगळं सांगत होतो. तिथं येऊन तुम्ही दिवसभर काय कराल, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं.