सुपांमागचं ऊन

कपाट उघडलं की अजून तो वास येतो. मधासारखा, किंचित आंबूस, केळीच्या वाळक्या पानाचा. गेल्या हंगामातल्या सुकेळ्यांची एक पुडी उरली आहे. ती मी सोडत नाही. नुसतं दार उघडतो आणि जरा वेळ उभा राहतो.

वसईच्या आमच्या वाडीत राजेळी केळी सोलून, उन्हात सुकवून सुकेळी करायची, हे काम माझ्या बायकोचं. सात दिवसांचं ऊन पुरे, असं जुनी माणसं सांगत. पण ते ऊन अख्ख्या अंगणाचं असायचं. पूर्वेला उंच इमारत उभी राहिली आणि आमचा सूर्य दहा वाजता उगवू लागला. आधी विहिरीपाशी ऊन येई, मग दुपारी मधल्या अंगणात, आणि चार वाजता पूर्वेच्या कुंपणाजवळ तेवढी एक पट्टी उरे. बायको त्या उन्हाच्या मागे सुपं घेऊन फिरे. डोक्यावर एक, कमरेवर एक, पदर खोचलेला. सात सुपं, दिवसातून चार वेळा. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस, ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेला. तिच्या धावपळीने माझी ओळ चुके.

एकदा अशा बेभान धावपळीसाठीचा इंग्रजी शब्द तोंडातून निघून गेला.

“मास्तर, काय पुटपुटलात?”

“फ्रेनेटिक.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तुझ्यासारखं.”

ती हसली. कुंपणापलीकडच्या शेजारणीला म्हणाली, “आमचे मास्तर मला इंग्रजीत काहीतरी म्हणतात. चांगलं असावं.”

“चांगलं असतं तर मराठीत म्हणाले असते,” शेजारीण म्हणाली.

आमच्याकडे नवा माणूस राहायला आला की पहिली चौकशी मूळ गावाची होते. बायकोने शब्दाचीही तशीच केली. “याचं मूळ गाव कुठलं?”

“उद्या कोशात बघून सांगतो.”

“बघा सावकाश. आधी हे सूप धरा.”

“एवढं पान संपू दे,” मी म्हणालो. पान संपेपर्यंत सातही सुपं कुंपणापाशी पोचली होती. त्यानंतर तिने तीन-चारदा विचारलं असेल. माझा उद्या काही उजाडला नाही.

गेल्या हंगामात, केळ्यांना चौथं ऊन देऊन झाल्यावर, संध्याकाळी ती घरातल्या क्रूसापाशी प्रार्थनेला बसली ती उठलीच नाही. चर्चमागच्या दफनभूमीतून आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण कुंपणाशी आली. हलक्या आवाजात म्हणाली, “मास्तर, राग मानू नका. केळी टोपलीत झाकून आहेत. आज ऊन नाही मिळालं तर बुरशी धरेल. तिचे चार दिवस फुकट जातील.”

मी केळी सुपांत पसरली आणि सुपं बाहेर काढली. एकेक, दोन्ही हातांनी, पुस्तकासारखी धरून. एक ठेवून दुसरं आणेपर्यंत पहिल्यावर सावली येई. दुपारपर्यंत मला कळलं की चालून हे काम होत नाही. मी पळू लागलो. या वयात, सुतकी चेहऱ्याने, अंगणभर. शेजारीण पाहत होती; मदतीला आली नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. तीन दिवस मी तसा पळलो. बरगड्यांखाली कळ येई, तिथे हात दाबून उभा राही, पुन्हा सूप उचली.

सातवं ऊन झालं. पानांत बांधून पुड्या केल्या. मग हात धुऊन कोश उघडला.

शब्द ग्रीकांकडून आलेला. तापात भ्रम झालेल्या रोग्याला तसं म्हणत. वाचून मान खाली गेली. पण त्याच्याही मागे एक जुना शब्द होता: छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, ज्याच्या हालचालीवर आपला श्वास चालतो. त्या लोकांच्या मते मन तिथे राहायचं. माझा हात आपोआप बरगड्यांखाली गेला. तिथे अजून दुखत होतं.

मूळ गाव सापडलं होतं. सांगायला कोणी नव्हतं.

यंदा मी केळी सुकवलेली नाहीत. अंगण मोकळं आहे. तरी चार वाजले की पुस्तक उलटं ठेवून उठतो, आणि ऊन कुंपणापर्यंत पोचलं का ते बघून येतो.