साठ गाद्या आणि एकच ढीग

एप्रिल १९९६. टेबलावर सांगलीच्या दुकानदाराचं कोटेशन, साठ फोमच्या गाद्यांचे छत्तीस हजार रुपये. समोर आम्ही तिघं: मंगल कार्यालयाचे मालक आप्पा, वॉचमन तुकाराम आणि मी, मॅनेजर.

आमचं कार्यालय कराडजवळ मलकापूरला. पाहुण्यांच्या बैठकीच्या कापसाच्या गाद्या बसून बसून फरशीसारख्या झाल्या होत्या. आप्पा म्हणाले, "ट्रॅक्टर बोलवा आणि द्या फेकून कचरा डेपोत."

मी म्हटलं, "कापड गेलंय आप्पा, कापूस जागेवर आहे. पिंजून घेऊ."

पिंजणं म्हणजे दबलेल्या कापसाचे गोळे फोडून तो परत मोकळा करणं. त्यात धूळ आणि सडका भाग गळतो, त्यामुळे साठ गाद्यांच्या साठ होत नाहीत. मग नव्या गादीपाटाच्या, म्हणजे जाड पट्ट्यांच्या कापडाच्या, खोळीत भरून टाके घालायचे. हसनभाई पिंजारी तयार गादीला दीडशे रुपये घेणार होते, कापडासह. आप्पांनी मान डोलावली. "पण शिराळकरांच्या लग्नाआधी झालं पाहिजे. बैठक नीट नसली तर पाहुणे मला बोलतील, तुम्हाला नाही."

हसनभाईंनी मोटरवरचं मशीन मागच्या अंगणात लावलं. लग्नाला चार दिवस असताना मी बघायला गेलो, तर कापसाचा पांढरा डोंगर. मागच्या खोलीचं दार सताड उघडं.

"तुकाराम, या खोलीतल्या गाद्या?"

"काढल्या की. आप्पा म्हनलं, सगळ्या काढ."

आमच्याकडे लग्नं होत तशी तेरावीही होत. साठांपैकी तेराव्याच्या बैठकीच्या आठ गाद्या त्या खोलीत वेगळ्या असायच्या. त्या लग्नाला कधी अंथरत नसू. आमच्या भागात कुणीच अंथरत नाही.

"हसनभाई, आठ गाद्यांचा कापूस वेगळा काढता येईल?"

हसनभाई हसले. "साहेब, दह्यातनं दूध काढायला सांगताय व्हय?"

आप्पांना सांगितलं. ते दार लावून हळू आवाजात म्हणाले, "कापूस बोलतो काय? गप बसा."

"कापूस नाही बोलणार, तुकाराम बोलेल. लग्नाच्या मांडवात कळलं तर पंगत उठेल. त्यापेक्षा आज सांगू."

"बुकिंग गेलं तर?"

"तर आजच जाईल. चार दिवसांत त्यांना दुसरं कार्यालय तरी बघता येईल."

आप्पांनी दाराची कडी काढली. मग म्हणाले, "सांगा. पण तुम्हीच सांगा."

संध्याकाळी नवरीची आत्या भांडी मोजून घ्यायला आली. सत्तरीची विधवा बाई; त्या घरात शेवटचा शब्द तिचा. मी काही न लपवता सगळं सांगितलं. आप्पा खांबाआड उभे होते.

आत्या अंगणात गेली. ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढून वास घेतला.

"ऊन दावलंय का ह्याला?"

"दोन दिवस," हसनभाई म्हणाले.

"आवं मॅनेजर, आमच्या मालकांच्या तेराव्याला मी ज्या घोंगड्यावर बसले, त्याच्यावरच माझा नातू निजतोय. लय गाढ निजतोय. घोंगडं काय टाकून दिलं न्हाई मी." मग बोट उगारून म्हणाली, "पर नवरा-नवरीची गादी आमी घरनं आणनार. तिथं तुमचं चालायचं न्हाई. आन् त्या खांबामागच्या बाप्याला म्हनावं, बाहेर या, चा सांगा."

आप्पा बाहेर आले. चहा आला. मला त्या दिवशी दुपारनंतर पहिल्यांदा भूक लागली.

लग्न रीतसर पार पडलं. पाहुणे लोडाला टेकून घोरले. पुढे आत्यानेच दोन लग्नं आमच्याकडे पाठवली, आणि दोन्ही वेळा हात खालून घालून गाद्या दाबून बघितल्या.

यातून मी एवढंच शिकलो: पिंजाऱ्याला बोलावण्याआधी मागच्या खोलीला कुलूप घालावं, आणि किल्ली खिशात ठेवावी.

साठ जुन्या गाद्यांतून चोपन्न निघाल्या. हसनभाईंना आठ हजार शंभर रुपये रोख दिले. ट्रॅक्टरवाल्याला काहीच द्यावं लागलं नाही.