काका आधी पायांकडे बघत

माझ्या बायकोच्या थोरल्या काकांइतका भित्रा माणूस शिरोड्यापासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नसेल, हे मी जबाबदारीने लिहितो. मी कुडाळच्या एका कचेरीत हिशेब तपासणारा माणूस. आधार असल्याशिवाय आकडा मांडत नाही आणि विधानही करत नाही. काका विजेला भीत, पालीला भीत, डॉक्टरला आणि डॉक्टरच्या कंपाउंडरलाही भीत. समुद्र त्यांच्या घरापासून माडांच्या दोन ओळींपलीकडे होता, पण त्याच्यात ते घोट्याच्या वर कधी भिजले नाहीत. घरात गॅस आला तेव्हा काकी शेगडी पेटवेपर्यंत ते बाहेर विहिरीपाशी जाऊन उभे राहत आणि चहा झाल्याची हाक आली की आत येत. एसटीत ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरत. तो जागा आहे की नाही हे कुणीतरी बघायला नको का, असं त्यांचं म्हणणं.

ह्या सगळ्यांच्या वर एक मोठी भीती होती, ती अनोळखी माणसाची. चोर असेल, लुबाडेल म्हणून नव्हे. आमच्याकडे देवाला वहाणा वाहतात. हातभर लांबीच्या, जाड चामड्याच्या वहाणा देवळात ठेवतात आणि काही महिन्यांनी बघावं तर त्या टाचेकडे झिजलेल्या असतात. गावाचा राखणदार त्या घालून रात्री हद्दीवरून फिरतो, असं सगळेच मानतात. काकांच्या वडिलांनी पुढची पायरी घातली होती. राखणदार दिवसाही फिरतो, वाटसरूचं रूप घेऊन फिरतो, आणि कोण कसं वागवतं ते बघतो. वडिलांच्याच लहानपणी कुणीतरी एका म्हाताऱ्याला पाणी न देता अंगणातून हाकललं आणि त्या साली बागेतले अर्धे माड भुंग्याने खाल्ले. हे काकांच्या मनात असं बसलं होतं की बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, अनोळखी माणूस आत आला की ते बसल्या जागेवरून उठून उभे राहत. ते आधी त्याच्या पायांकडे बघत. वहाणा झिजलेल्या दिसल्या की संपलंच. मग तांब्या यायचा, गुळाचा खडा यायचा, बाकावरची धूळ पंचाने झटकली जायची आणि काका हात बांधून उभे राहायचे.

त्यातून गमती होत. मीटर बघायला येणारा माणूस उन्हातून पायी फिरे, त्यामुळे त्याच्या चपला कायम झिजलेल्याच. त्याला दर खेपेला शहाळं मिळे. काकी आतून म्हणत, "अवो, राखणदार मीटर बघूक येता काय?" काका दबक्या आवाजात सांगत, "हळू बोल गो, तो आयकता." कुकर विकणाऱ्या एका माणसाला नाही म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून घरात तीन कुकर होते आणि तिन्हींच्या शिट्टीला काका भीत. पुण्याच्या पर्यटकांनी किनाऱ्याची वाट विचारली तर ते बोट दाखवून थांबत नसत. वाट चुकली तर दोष आपल्याकडे येईल म्हणून पार वाळूपर्यंत सोडून येत. आणि नाव तर ते कुणालाच विचारत नसत, कारण राखणदाराला नाव विचारणं हा मोठा अपमान. दोन हजार एकच्या जनगणनेला आलेले मास्तर दुपारभर त्यांच्याकडे जेवले, वामकुक्षी झाली, संध्याकाळचा चहा झाला. घरात माणसं किती, एवढंच तेवढं त्यांना कळलं नाही. काकांना वाटत होतं की ही आपली परीक्षा चालली आहे आणि चुकीचं उत्तर देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

मला हे सगळं हसण्यासारखं वाटे. पुढे मुंबईत समुद्रातून माणसं उतरली आणि जे झालं ते झालं. त्यानंतरचे काही महिने आमच्या किनाऱ्यावर कुणी मोकळा श्वास घेतला नाही. गावोगाव बैठका झाल्या. अनोळखी माणूस दिसला की कळवा, जवळ जाऊ नका, असं सांगण्यात आलं. रापण ओढायला जाणारे लोक आधी पाण्याकडे बघत आणि मग जाळ्याकडे. बंद पडलेल्या होडीलाही माणसं घाबरत. काकांची तर दोन्हीकडून कोंडी झाली. पाणी द्यावं तर पोलीस, न द्यावं तर राखणदार. ते बेड्याला आतून दोरी बांधू लागले आणि तासाभराने स्वतःच सोडू लागले.

पुढच्या मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. दिवस मावळायला आला होता. माझी मुलगी खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, खेळत होती आणि मी काकांशी बोलत बसलो होतो. माडांतून, समुद्राच्या बाजूने, एक माणूस आला. दाढी वाढलेली, अंगावरचा सदरा भिजून चिकटलेला, कपाळावर रक्त. बेड्याला धरून तो उभा राहिला आणि काहीतरी बोलला. एक शब्द कळला नाही. मुलीला उचलून मी आत ढकललं, दाराला बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. काकांनी सवयीने त्याच्या पायांकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधीच बघितला नव्हता. मला वाटलं, ह्यांना आज राखणदार दिसला.

काका पळत मागच्या दाराने आत गेले आणि तांब्या घेऊन आले. तोपर्यंत वाडीतल्या कुणीतरी त्या माणसाला किनाऱ्यावरून येताना बघितलं होतं. दहा-पंधरा जण धावत आले. हातात दांडे, वल्ही, एकाकडे कोयता. सगळ्यांच्या पुढे काकांचा शेजारी, चांगला शांत माणूस, पण त्याचे डोळे माझ्या ओळखीचे नव्हते. तो भ्यालेला होता. सगळेच भ्यालेले होते. मला जास्त भीती आता त्यांची वाटू लागली.

"काका, बाजूक सरा. समुद्रातसून इलो तो," शेजारी म्हणाला.

काका तांब्या घेऊन त्या माणसाकडे गेले. ते म्हणाले, "आदी पाणी पिऊंदे तेका." एवढंच बोलून त्यांनी तांब्या त्या माणसाच्या हातात दिला, त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः त्याला चिकटून बसले. लोकांना वाटलं, काका आडवे आले. खरं म्हणजे त्यांचे गुडघे गेले होते. पण बसले ते असे की त्या माणसावर दांडा उगारायचा तर आधी काकांच्या डोक्यावरून न्यावा लागला असता.

काकी गुळाची वाटी घेऊन आल्या आणि शेजाऱ्याला म्हणाल्या, "मारूचा आसात तर आदी ह्या म्हाताऱ्याक मधसून उचला. माका तर चाळीस वर्सां तो जाग्यावरसून उठवूक जमलो नाय."

मागे कुणीतरी हसलं. वल्हं खाली टेकलं. पोलीस येईपर्यंत सगळे तसेच उभे राहिले आणि तो माणूस गूळ खात, रडत बसला. पोलिसांतल्या एकाला त्याची तुटकी हिंदी समजली. रेडीला खनिज भरणाऱ्या एका बार्जवरचा तो खलाशी, दूरच्या मुलखातला. पाय घसरून पाण्यात पडला, लाकडाच्या आधाराने वाहत आला. दुसऱ्या दिवशी त्याचा मुकादम येऊन ओळख पटवून घेऊन गेला.

ती रात्र सरल्यावर मी काकांना विचारलं, तुम्हांला तो राखणदार वाटला ना?

"राखणदाराक कोण मारतलो, जावयानू?" ते म्हणाले. "तेच्या पायात व्हाणच नाय होती. माणूस तो. म्हणानच माका भय वाटलां."

पुढच्याच वर्षी काका गेले. झोपेतच गेले; डॉक्टरला भ्यायची वेळ आली नाही. बाराव्याला पानांचा हिशेब माझ्याकडे होता आणि एक पान कमी पडलं. मी पुन्हा मोजलं. खळ्याच्या कडेला बाकावर एक म्हातारा बसला होता, आमच्यातल्या कुणाच्याच ओळखीचा नव्हता. कोण, कुठले, विचारावं म्हणून मी निघालो तर काकींनी माझा हात धरला. आयुष्यभर नवऱ्याला हसलेली ती बाई डोळे पुसत म्हणाली, "नाव इचारू नका. पाणी व्हरा."

मी तांब्या भरून नेला. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी घेतला. वर बघायच्या आधी माझी नजर खाली गेली. वहाणा होत्या, टाचेकडे पार झिजलेल्या. मी पंचाने बाकावरची धूळ झटकली आणि हात बांधून उभा राहिलो.