दौंडाहून आणलेली बाटली

काळी बिअर आणि लोणी एकत्र तापायला लागलं, की करपल्या गुळासारखा कडवट-गोड वास सुटतो आणि मला आमच्या गावचा एसटी थांबा आठवतो. मी दहावीत होते, त्या वर्षी गावातल्या बायकांनी मतदानात आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्के मारून दारूचं दुकान बंद पाडलं होतं. त्यांच्या पुढं होती माझी आई, आणि त्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक होते माझे वडील. त्यांनी तेव्हापासून दारू सोडली होती. मी दहावी पास झाले, तसा आईनं चॉकलेटचा केक करायचं ठरवलं. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये स्वयंपाकाला होती, तेव्हा ती तो शिकली होती. त्यात काळी बिअर लागायची. कुरकुंभला ड्युटीवर निघालेल्या वडिलांना तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "येताना दौंडातनं एक बाटली आना." चुलती म्हणाली, "अगं, त्यांच्याच हाती बाटली देतीस व्हय?" आई म्हणाली, "मग कुनाच्या देऊ?" संध्याकाळी थांब्यावर निम्मी आळी जमली. वडील एसटीतून सरळ पावलांनी उतरले आणि पेपरात गुंडाळलेली बाटली काढून दाखवली. बूच जसंच्या तसं होतं. घरी त्यांनीच ती उघडली आणि शेवटच्या फेसापर्यंत पातेल्यात ओतली. वाळू घातलेल्या कुकरमधला केक मधोमध बसला, तरी आम्ही बोटं चाटून खाल्ला. वडिलांनी नुसता वास घेतला. "झ्याक झालाय," म्हणाले, "पर मला नगं." आज माझ्याकडे ओव्हन आहे, आणि वरच्या फळीवर आईनं धुऊन ठेवलेली तीच बाटली. आडवी.