भुंगेऱ्यांना दिलेलं आवतण

सुनेची पहिली मंगळागौर होती आणि पूजेला गुलाब घरच्याच बागेतले वाहायचे, असं बायकोनं साऱ्या नातेवाइकांत जाहीर करून टाकलं होतं. नेमके तेव्हाच भुंगेरे आले आणि कळ्या कुरतडू लागले. बायको रोज सकाळी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन एकेक भुंगेरा टिपायची आणि त्यात बुडवायची. असलं अडाणी काम माझ्यासारख्या विज्ञाननिष्ठ माणसाला कसं बघवणार? पाटणकर बाजारातून मी वासाचा सापळा आणला आणि ऐन गुलाबांच्या मधोमध टांगला. वासानं भुंगेरे येतात आणि पिशवीत पडतात, असं दुकानदार म्हणाला होता.

त्यातलं अर्धं वाक्य अगदी खरं निघालं. शहरातल्या हजीरा मोहल्ल्यापासून पडाव मोहल्ल्यापर्यंतचे भुंगेरे सहकुटुंब आले. काही किल्ल्यावरूनही उतरले असावेत, कारण त्यांची चाल सरदारी होती. पिशवीत शंभरेक पडले, बाकीचे लाखभर गुलाबांवर पंगत मांडून बसले. सोमवारी संध्याकाळी झाडांवर काटे तेवढे उरले होते.

मंगळवारी सकाळी शेजारच्या भाभी टोपलीभर गुलाब घेऊन फाटकात हजर! "भाईसाहब, इस बार हमारे यहाँ एक भी कीड़ा नहीं आया. पता नहीं, सब कहाँ चले गए!"

बायकोनं टोपली घेतली आणि माझ्याकडे बघत फार गोड आवाजात म्हणाली, "अहो, सांगा ना त्यांना, कुठे गेले ते."

मी सापळ्याला पाठ लावून उभा राहिलो आणि भाभींना चहाचा आग्रह केला.