पारशिवनीच्या बायकांनी पाहिलेला कार्यक्रम

आमचं संग्रहालय महाल भागातल्या एका जुन्या कापड व्यापाऱ्याच्या घरात आहे. घर दुरुस्त करून त्यात शहराचा इतिहास मांडलाय, आणि देखभाल माझ्याकडे आहे. बैठकीची खोली आम्ही लहान घरगुती कार्यक्रमांना देतो. मे महिन्यात माझ्या भाचीला पाहायला मंडळी येणार होती, तेव्हा ती खोली मीच घेतली. बहिणीच्या फ्लॅटमधला कूलर नुसता आवाज करतो, आणि समोरच्या बाल्कन्यांतून अख्खी इमारत पाहुणे मोजते. इथे भिंती जाड, खोली गार. शिवाय सोमवार, म्हणजे संग्रहालय बंद.

भाची उमरेडच्या एका बँकेत आहे. रोज एसटीने जाते-येते. आधीची दोन स्थळं त्या नोकरीवरूनच मोडली. पहिल्या भेटीत "तिची मर्जी", आणि साखरपुडा जवळ आला की "गरज काय?" हा मुलगा तिला आवडला होता, फोनवर बोलणं चालू होतं. म्हणूनच तिने ठरवलं होतं की मुलाच्या आईला पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर विचारायचं आणि उत्तर घेऊनच उठायचं.

मंडळी आली. मुलगा, त्याची आई, आणि धोतर-काळी टोपीतले आजोबा. प्रदर्शनापुढची आडवी दोरी सोडून मी त्यांना गादी-तक्क्यांवर बसवलं. पोहे दिले, वर ओतायची लाल तर्री दिली नाही, कारण गादीची खोळ पांढरी होती. 'कृपया हात लावू नये' ही पाटी काढायची राहून गेली. आजोबा ती वाचून पोह्यांच्या बशीकडे नुसते बघत बसले.

भाची चहा घेऊन आली आणि तिच्यामागोमाग बसभर बायका आल्या. संग्रहालय पाहायला आलेलं पारशिवनीचं महिला मंडळ. इतक्या लांबून आलेल्यांना परत पाठवणं आमच्या चौकीदाराच्या जिवावर आलं होतं.

"अवं बाई, इथं तं माणसंच बसवले!"

"जुन्या काळचा पोरगी पाह्याचा कार्यक्रम दाखवून राहिले. चूप राय."

"बुढा तं एकदम खरा वाटते."

आजोबा खोकले, तशा दोघी दचकून मागे सरल्या.

मी पुढे होऊन सांगितलं, हा खाजगी कार्यक्रम आहे. "हो ना मॅडम, चालू ठेवा," म्हणत पुढच्या बायकांनी तिथेच बसकण मारली. त्यांना उठवायचं तर भांडण झालं असतं, आणि तेही मुलाच्या आईसमोर. ती आधीच ओठ मिटून बसली होती. भाचीने माझ्याकडे एकदा पाहिलं, ट्रे खाली ठेवला आणि विचारलंच.

"काकू, लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. चालेल का?"

उत्तर आलं ते दाराकडून.

"हे चुकीचं दाखवून राहिले मॅडम! पोरगी अशी बोले का तवा? मान खाली घालून बसे."

"अन् चालली कशी पाहा, जशी बस सुटून राहिली!"

"दुसरी पोरगी बसवा. हे शोभत नाही."

मुलाची आई उठली. मला वाटलं, गेलं हेही स्थळ. पण ती दाराकडे गेली ती बायकांसमोर जाऊन उभी राहायला.

"काहून शोभत नाही? बँकेत काम करते पोरगी. तिले विचारायचं असन तं विचारन. तुमाले काय करायचं हाय?"

"पण बाई, जुन्या काळात..."

"जुन्या काळातली नाही, आमच्या घरची हाय हे!"

मुलाने बशीत तोंड घातलं. मग महिला मंडळाने टाळ्या वाजवल्या.

भाची टाळ्यांवर भागवणारी नाही. "काकू, नोकरीचं राहिलं."

"आता काय राहिलं वं? इतक्या बायांसमोर बोलली ना मी! जा रोज उमरेडले. पण सकाळी डबा माह्याच्यानं होणार नाही. हा करन."

"मले पोळ्या येत नाहीत," मुलगा म्हणाला.

"मंग शीक."

तेव्हा कुठे भाची खाली बसली. चहा गार झाला होता. मी नव्याने टाकायला गेले, तर पारशिवनीच्या दोघी मागोमाग आल्या.

"मॅडम, त्या पोराले लहान भाऊ हाय का?" एकीने हळूच विचारलं. "म्हणजे, खराखुरा?"