हमीदा आणि गच्चीचे दोन कोपरे

हमीदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुरडयांचा चीक घोटत होते. चीक अर्ध्यात सोडता येत नाही हो, गुठळ्या होतात. रिसीव्हर खांद्याशी दाबून मी घोटत राहिले आणि पलीकडे उरणहून तिची लेक रुबिना रडत राहिली… शेवटचे दोन महिने हमीदा तिच्याचकडे होती. या गोष्टीला आता महिना होईल.

नेरूळच्या या इमारतीत आमची दारं समोरासमोर. मी साताऱ्याकडची, सातवी शिकलेली, गळ्यात माळ. ती उरणची कोकणी मुसलमान, बंदरातल्या गोदामाच्या हापिसात टायपिस्ट होती, नवऱ्यामागे तिनं एकटीनं लेक वाढवली. उन्हाळ्यात गच्चीच्या एका कोपऱ्यात माझ्या कुरडया वाळायच्या आणि टाकीकडच्या कोपऱ्यात तिचे सोडे, म्हणजे सोललेली कोळंबी. कुरडया, पापड विकूनच मी दोन्ही मुलांच्या फिया भरल्या, त्यामुळे गच्ची म्हणजे माझी शेतीच म्हणा ना.

पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. जिन्यात इंग्रजीत नोटीस लागली. मला वाटलं, नेहमीसारखी पाण्याची असेल. मग वॉचमन म्हणाला, "काकी, गच्चीला कुलूप लागनार, आता वाळवण बंद." माझ्या डोक्यात एकच आलं, हिच्या सोड्यांच्या वासापायी कुणीतरी तक्रार केली आणि माझंही बुडालं. दोन दिवस मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी तीच दारात उभी, हातात नोटिशीची न उघडलेली घडी.

"सुमन, वास येत होता तर तोंडावर बोलायचंस. थेट सेक्रेटरीकडे गेलीस?"

"मी? अगं तुझ्या सोड्यांपायी माझ्या कुरडया बुडाल्या, आणि वर मलाच ऐकवतेस?"

"अगो, मग तक्रार केली कोनी?"

तिनंही माझ्यासारखं वॉचमनचंच ऐकलं होतं; मग घडी उघडून तिनं ती नोटीस मला मराठीत वाचून दाखवली. त्यात ना सोडे, ना कुरडया! पोरं गच्चीवर जाऊन टीव्हीचे अँटेने फिरवतात म्हणून कुलूप. शेवटची ओळ मात्र बघा: रविवारपर्यंत लेखी हरकत आली नाही, तर सगळ्यांची संमती 'प्रिझ्यूम' केली जाईल.

"हे काय असतं?" मी विचारलं.

ती आत गेली आणि ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेली जाडजूड डिक्शनरी घेऊन आली. तिला शब्दाचं मूळ बघितल्याशिवाय चैनच पडायची नाही. चष्मा नाकावर सरकवून म्हणाली, "लॅटिनमधून आलाय. आधीचा तुकडा म्हंजे 'आधी', मागचा म्हंजे 'घेनं'. कोनी द्यायच्या आधीच घेऊन टाकायचं. गृहीत धरतो ना आपन, तेच."

"म्हणजे मी न दिलेली संमती हे आधीच खिशात घालून बसलेत?"

"हां. आणि मी न केलेला गुन्हा तू."

"आणि तू गं?"

"मीपन," असं म्हणून ती जी हसायला लागली… डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मला आधी हसू येईना, लाज वाटत होती. इतक्या वर्षांची शेजारीण, आणि एक प्रश्न विचारायला माझी जीभ रेटली नव्हती.

मग तिनं इंग्रजीत हरकतीचं पत्र लिहिलं. खाली तिची ऐटबाज सही आणि तिच्याशेजारी माझं मराठीतलं नाव. रविवारच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "आम्हाला वाटलं बायकांची काही हरकत नसणार." हमीदा म्हणाली, "वाटलं, तर विचारायचंत." गच्ची उघडी राहिली, अँटेन्यांभोवती तेवढी जाळी बसली. तेव्हापासून दुपारी काम आटोपलं की ती मला रोज एक शब्द शिकवायची. निम्मे मी विसरले. हा नाही विसरले.

परवा कुरडया घालायला वर गेले, तर सूनबाईंनी टाकीकडच्या कोपऱ्यातही प्लास्टिक पसरलेलं. "आई, ही जागा आता मोकळीच आहे ना?"

मी म्हटलं, "गुंडाळ ते." खाली आले आणि रुबिनाला फोन लावला, समोरचं घर आता तिचंच. "तुला गच्चीवर जागा लागेल का गं?"

ती म्हणाली, "चाची, मला वाटलं, आता ती तुमचीच झाली…"

"वाटून घेऊ नकोस. हवी की नको ते सांग."

"हवी."

येत्या रविवारी ती कोळंबी घेऊन येतेय. आमच्या सूनबाईंना तो वास चालेल की नाही, हे मात्र त्यांना अजून विचारायचं राहिलंय. चहा ठेवते आणि विचारते.